स्वखुशीने

राजीनाम्यावर सही करायला मला जेमतेम दहा मिनिटं लागली. पुण्यातली कंपनी, सहाव्या मजल्यावरची छोटी मीटिंग रूम, समोर एचआरच्या मॅडम आणि माझा मॅनेजर. मॅनेजर सगळा वेळ लॅपटॉपकडे बघत होता. टीम बंद होतेय, तुझ्या कामाबद्दल तक्रार नाही, पण कंपनीने काढलं असं रेकॉर्डवर येण्यापेक्षा तूच राजीनामा दिलास तर पुढे तुलाच सोपं जाईल, असं मॅडम म्हणाल्या. मजकूर तयार होता. त्यात ‘वैयक्तिक कारणांमुळे, स्वखुशीने’ अशा अर्थाचं एक इंग्रजी वाक्य होतं. मी ते वाचलं, स्क्रीनवर बोटाने सही केली, ओळखपत्र जमा केलं आणि खाली येऊन चहा प्यायलो.

त्या वेळी मला स्वतःचं कौतुक वाटत होतं, हे आधीच कबूल करतो. हात थरथरला नाही, आवाज चढला नाही. त्याआधीचं वर्षभर मी स्टोइक तत्त्वज्ञान वाचत होतो आणि आज परीक्षा झाली, आपण पास झालो, असं मला वाटलं.

आमच्या धंद्यात हे वाचन आता नवलाचं राहिलेलं नाही. मार्कस ऑरेलियस हा दुसऱ्या शतकातला रोमन सम्राट विमानतळावरच्या पुस्तकांच्या दुकानात मिळतो. रायन हॉलिडेची पुस्तकं टीम लीड लोक एकमेकांना वाढदिवसाला देतात. एपिक्टेटसची ‘एन्खिरिडिऑन’ ही पुस्तिका तर इतकी छोटी आहे की स्वारगेट ते धाराशिव या एसटीच्या प्रवासात दोनदा वाचून होते. ती सुरूच होते या तत्त्वज्ञानाच्या सगळ्यात प्रसिद्ध विभागणीने. काही गोष्टी आपल्या हातातल्या, काही नाहीत. शरीर, पैसा, हुद्दा, लोकांचं आपल्याबद्दलचं मत हे हाताबाहेरचं. आपण काय खरं मानतो, काय हवंसं धरतो, कशाला होकार देतो, हे हातातलं. इंजिनिअरला ही मांडणी फार आवडते, कारण ती हद्द आखून देते. आपल्या सर्व्हिसची जबाबदारी इथपर्यंत, पलीकडचं दुसऱ्या टीमचं. नोकरी हद्दीपलीकडची होती. विषय संपला.

माझ्यानंतर त्याच खोलीत माझ्या टीममधली एक मुलगी गेली. तिने सही केली नाही. काढायचं असेल तर काढा आणि तसं पत्र द्या, मी स्वतः सोडतेय असं मी लिहिणार नाही, एवढंच ती पुन्हा पुन्हा म्हणत राहिली. शेवटी तिचा आवाज चढला, ती रडलीही, बाहेर सगळ्यांना ऐकू आलं. मला तिची दया आली. हिने जरा एपिक्टेटस वाचायला हवा होता, असंही मनात येऊन गेलं. तीन आठवड्यांनी तिला कामावरून कमी केल्याचं पत्र मिळालं आणि सोबत तीन महिन्यांचा पगार. मला एका महिन्याचा मिळाला होता. हे कळलं तेव्हा मी गावी होतो.

माझं गाव लोहारा तालुक्यात आहे, आणि ते मुळात दुसरीकडे होतं. १९९३ च्या भूकंपानंतर आमच्या भागातली कितीतरी गावं जुनी जागा सोडून नव्याने वसवली गेली, त्यांतलं ते एक. सरळ रस्ते, आखलेले प्लॉट, एकसारखी घरं. जुन्या गावाच्या जागी आता बाभळी आणि दगडांचे ढीग आहेत. मी जन्मलो तो या नव्या गावात, भूकंपाला चार वर्षं झाल्यावर.

स्टोइकांचा मला काहीच उपयोग झाला नाही, असं म्हणणं खोटं होईल. पहिले पंधरा दिवस स्टँडवर, सलूनमध्ये, सोसायटीच्या दारात एकच प्रश्न यायचा, “काय, सुट्टीवर आलास का?” घरातला पुण्यातल्या कंपनीत असलेला पोरगा हे माझं गावातलं नाव होतं. ज्या ठिकाणी सोयरीक जवळजवळ ठरली होती, त्यांनी “सध्या थांबू” असा निरोप पाठवला. या सगळ्यात एपिक्टेटसने मला खरोखर धरून ठेवलं. लोक काय म्हणतात हे तुझ्या ताब्यात नाही, हे वाक्य मी मोबाईलच्या वॉलपेपरवर नाही ठेवलं, पण स्टँडवर जाताना मनात ठेवलं आणि “नाही, नोकरी गेली” असं सरळ सांगायला लागलो. चौथ्या-पाचव्यांदा सांगितल्यावर त्यातली धार गेली. रात्री झोपण्याआधी दिवसाचा हिशेब घ्यायची सेनेकाची सवयही मी उचलली. तिचाही गुण आला. औषध खोटं नव्हतं. मी ते कशावर लावत होतो, तो घोटाळा होता, आणि तो आधी आजीमुळे लक्षात आला.

आजी अंगणातल्या पत्र्याच्या शेडमध्ये झोपते. भूकंपानंतर आमच्याकडे बऱ्याच जणांनी वर्षानुवर्षं स्लॅबखाली झोपायचं टाळलं. बाकीचे हळूहळू आत गेले, आजी गेली नाही. मी रिकामा असल्याने रोज रात्री तिच्या बाजेपाशी बसायला लागलो. एकदा तिने विचारलं, “काय वाचायलास एवढं?” मी हुशारीने सांगायला लागलो. एक लंगडा गुलाम होता आजी, रोममध्ये, पुढे मोठा गुरू झाला. तो सांगायचा की तुझी एखाद्या मडक्यावर माया असेल तर रोज स्वतःला सांग, हे मडकं आहे. मग फुटलं तर जिवाला लागणार नाही. आजीला हे पटलं. ती हसली, “बराबर हाय. मडक्याचं काय एवढं.”

मी तिथे थांबायला हवं होतं. पण त्याच परिच्छेदात पुढे जे येतं, तेही मी सांगून टाकलं. तसंच आपल्या लेकराचा मुका घेताना मनात म्हणावं की हा मर्त्य माणूस आहे, मग ते गेलं तरी मन ढळणार नाही.

आजी बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, “असं रोज म्हणून जेवू घालायचं होय लेकराला?”

माझी आत्या नऊ वर्षांची होती. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे चारच्या सुमारास. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती, विसर्जन करून गाव दमून झोपलेलं. आमचं घर माळवदाचं होतं, दोन-अडीच फूट रुंदीच्या दगडमातीच्या भिंती, वर लाकडं आणि त्यावर मातीचा जाड थर. लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद मिळून सुमारे दहा हजार माणसं गेली, त्यांतली फार मोठी संख्या अशाच भिंतींखाली. आण्णा तेव्हा अठरा वर्षांचे होते, ते रानात जागलीला होते म्हणून वाचले. घरात आत्याचं नाव क्वचितच निघतं. मला इतकं माहीत असूनही मी आजीला मडक्याचा दृष्टांत शिकवायला गेलो होतो.

दुसऱ्या दिवशी आण्णा म्हणाले, घरात बसून डोकं खराब होतंय तुझं, तेरला जाऊन येऊ.

तेरला आमच्याकडचे लोक गोरोबाकाकांच्या दर्शनाला जातात. संत गोरा कुंभार तिथले, तेरणा नदीकाठी त्यांची समाधी आहे, चैत्र वद्य त्रयोदशीच्या सुमारास यात्रा भरते. मी लहानपणी बऱ्याचदा गेलो होतो, पण रामलिंगप्पा लामतुरे वस्तुसंग्रहालयात आत असा कधी गेलो नव्हतो. तेर म्हणजे प्राचीन तगर. पहिल्या शतकात एका अनाम ग्रीक व्यापाऱ्याने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या प्रवासपुस्तिकेत त्याचं नाव येतं. पैठणपासून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर, आणि तिथून साधं कापड, नाना प्रकारची मलमल गाड्यांत भरून भडोचच्या बंदराला जाते, अशी नोंद आहे. पुढे जहाजं आणि रोमचं साम्राज्य. संग्रहालयात हस्तिदंताची एक छोटी स्त्रीमूर्ती आहे. तशाच घडणीची भारतीय मूर्ती १९३८ साली इटलीत पॉम्पेईच्या राखेखाली सापडली. म्हणजे ७९ साली व्हेसुव्हियसने ते शहर गाडलं, त्याच्या आधी कधीतरी ती तिथे पोचलेली होती. ती आमच्या तेरहून गेली असं म्हणण्याचा मोह होतो, पण तेवढं सिद्ध झालेलं नाही. भोकरदनलाही तशीच मूर्ती मिळाली आहे.

काचेसमोर उभा असताना मला वेगळीच गोष्ट आठवली. त्याच पॉम्पेईत ज्वालामुखीच्या सतरा-एक वर्षं आधी मोठा भूकंप झाला होता, आणि त्यावर सेनेकाने लिहिलं आहे. ‘नॅचरालेस क्वेस्टिओनेस’ या त्याच्या ग्रंथाचा सहावा भाग सगळा त्या भूकंपावर आहे. मी तो नुसता चाळला होता. परतल्यावर दोन दिवस बसून नीट वाचला.

तो सुरू होतो अपेक्षेप्रमाणेच. लोक तो प्रांत सोडून चाललेत, पण दुसरी जमीन जास्त पक्की आहे असं तुम्हाला कुणी सांगितलं, असं तो विचारतो. आज इथे हललं, उद्या तिथे हलेल. हे वाचताना आमचा नकाशा आठवला. दख्खनचं पठार स्थिर समजलं जायचं आणि किल्लारीचा परिसर सरकारी नकाशावर भूकंपाच्या सगळ्यात कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. १९९२ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात तिथे लहान लहान धक्के बसले होते, लोक घाबरलेही होते. आजी सांगते, काही दिवस माणसं बाहेर झोपली, मग थंडी वाढली, मग सवय झाली.

पण सेनेका सांत्वनावर थांबत नाही, हे मला नवं होतं. पुढची पानंच्या पानं तो कारणं शोधतो. कुणी म्हणतं पाण्यामुळे, कुणी म्हणतं आगीमुळे, प्रत्येकाचं म्हणणं मांडतो, तपासतो, आणि शेवटी जमिनीच्या पोटात कोंडलेल्या वाऱ्यावर येऊन थांबतो. उत्तर साफ चूक आहे. सहाशे मेंढ्यांचा एक कळप त्या भूकंपात मेला, तर त्या का मेल्या, याचाही तो विचार करतो. आमच्या कामात सर्व्हर पडला की नंतर एक पोस्टमॉर्टेम लिहायचं असतं. त्यात कुणाला शिव्या घालायच्या नसतात, पण ‘असं होतंच’ असं लिहिलेलंही चालत नाही. सेनेकाचा हा भाग मला तसा वाटला. ज्याने ‘हाताबाहेरचं आहे’ हे शिकवायचं, तोच माणूस ते हाताबाहेर का आहे, कुठपर्यंत आहे, हे खोदत बसला होता.

कारण ती हद्द कुणी आखून दिलेली नसते. धरणी हलणं हाताबाहेरचं होतं. अडीच फुटांची दगडमातीची भिंत हाताबाहेरची होती का? ती आजोबांनी बांधली होती, आणि अभिमानाने. घर जितकं जाड तितकं भक्कम हे त्यांना कुणी चुकीचं सांगितलेलं नव्हतं, त्यांच्या वाडवडिलांनी तसंच बांधलं होतं. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. पण ‘नियतीच होती’ म्हणून गाव मोकळं झालं असतं तर नवी घरं पुन्हा तशाच भिंतींची उभी राहिली असती. तसं झालं नाही. जागतिक बँकेच्या कर्जातून पुनर्वसन झालं, कोपऱ्यांना पट्ट्या आणि भिंतींत लोखंड कसं घालायचं हे गवंडी शिकले, आणि २००२ च्या नव्या मानकात आमचा भाग तिसऱ्या पट्ट्यात गेला. दहा हजार माणसं गेल्यावर ती रेघ सरकली.

माझ्या रेघेचं काय, हा प्रश्न मग टाळता येईना.

एपिक्टेटसची छोटी पुस्तिका वाचणारे आमच्यात शेकड्याने आहेत. त्याचा शिष्य एरियन याने त्याच्या वर्गात बसून घेतलेली टिपणं, ‘प्रवचनं’ म्हणू या, वाचणारे कमी. मीही त्यांच्यातला नव्हतो. आता वेळच वेळ होता. पहिल्या पुस्तकाच्या दुसऱ्याच प्रकरणात हेल्विडियस प्रिस्कस या सिनेटरची गोष्ट आहे. सम्राट व्हेस्पेशियनने त्याला निरोप पाठवला की आज सभेला येऊ नको. हेल्विडियसचं उत्तर असं की मला सभासदपदावरून काढणं तुझ्या हातात आहे, पण जोवर मी सभासद आहे तोवर मला यावंच लागेल. ये, पण गप्प बस. मला विचारू नको, गप्प बसतो. पण मला विचारावंच लागेल. मग मला जे योग्य वाटतं ते बोलावंच लागेल. मारून टाकीन. मी अमर आहे असं कधी म्हणालो? तुझं काम तू कर, माझं मी करतो. पुढे त्याला हद्दपार केलं आणि मारलंही.

हे मी गच्चीवर बसून वाचलं आणि कान गरम झाले. काढायचं असेल तर काढा, मी सोडतेय असं मी लिहिणार नाही. जिची मला दया आली होती, ती पुस्तक न वाचता हेच बोलली होती. आणि मी? नोकरी माझ्या हातात नव्हती हे खरं. पण त्या खोलीत एकच गोष्ट संपूर्ण माझ्या हातात होती, अगदी शब्दशः बोटाच्या टोकाशी, आणि ती म्हणजे सही. एपिक्टेटसचं सगळं तत्त्वज्ञान संमतीभोवती फिरतं. तुझे पाय बेडीत घालता येतील, पण खोट्याला खरं म्हणायला तुला कुणी लावू शकत नाही, असा त्याचा आग्रह आहे. मी ‘स्वखुशीने’ या शब्दाला होकार दिला होता, तो खोटा आहे हे माहीत असताना, आणि वर त्याला मनःशांती म्हटलं होतं. थरथरणाऱ्या हाताने नाही म्हणणं आणि स्थिर हाताने सही करणं, यात स्टोइक कोणतं, हे मला उलटंच समजलं होतं.

पगाराचा फरक मला लागला नाही असं नाही. हप्ते चालू होते. पण त्यापेक्षा एक दुसरी गोष्ट जास्त टोचली. कंपनीत राहिलेल्या एका मित्राने सांगितलं, आम्ही गेल्यानंतरच्या आठवड्यात उरलेल्यांसाठी ताणतणावावर एक सत्र झालं आणि त्यात पहिल्याच स्लाइडवर मार्कस ऑरेलियसचा पुतळा होता. जे तुमच्या नियंत्रणात नाही ते सोडून द्या. सम्राटाने रात्री तंबूत स्वतःसाठी लिहिलेली वही होती ती. ज्याच्या बहुतेक मुलांना त्याने लहानपणीच गमावलं, त्या बापाने स्वतःला बजावलेलं वाक्य काढणाऱ्याच्या तोंडात गेलं की त्याचा अर्थ ‘प्रश्न विचारू नका’ असा होतो. आणि हे कंपनीलाच ऐकवायला नको. आजीच्या बाजेपाशी मीही वेगळं काय केलं होतं?

तेरचं एक राहिलंच. गोरोबाकाकांचं घर तिथे दाखवतात. गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. काका चिखल तुडवत भजनात रंगले, रांगतं लेकरू पायाखाली आलं, कळलंच नाही. कीर्तनात ही गोष्ट तल्लीनतेचा कळस म्हणून सांगतात. मी लहानपणापासून तशीच ऐकली. त्या दिवशी मात्र मला एपिक्टेटसचा परिच्छेद आणि ही गोष्ट एकमेकांशेजारी दिसायला लागली. मडकं आणि लेकरू दोन्हीकडे तेच. एकाने सांगितलं, दोघांकडे सारखंच बघ. दुसऱ्याच्या पायांना चिखल आणि मूल यांतला फरक कळला नाही. मला दोघांचीही भीती वाटली, आणि गोरोबाकाकांच्या गावात उभं राहून असं वाटणं बरं नव्हे म्हणून मी गप्प बसलो.

घरी आल्यावर आजीला प्रसाद दिला आणि हे विचारलं. तिने लगेच उत्तर दिलं, जणू केव्हाचं तयार होतं.

“कीर्तनात समदे काकांचं सांगत्यात. संतीचं कोण सांगतंय? ती भांडली. देवाची शपथ घालून नवऱ्याला म्हणली, मला हात लावायचा न्हाई. मग पुढं काकांनी हात तोडून घेतले, मग इठोबाला यावं लागलं, मग लेकरू माघारी आलं. ती गप बसली असती तर आलं असतं का?”

मी म्हणालो, “तुझ्यासाठी कोण आलं नाही, आजी.”

“न्हाई आलं,” ती म्हणाली. “म्हणून काय मी बरं झालं म्हणू?”

त्या रात्री ती आत्याबद्दल बरंच बोलली. भेंडीची भाजी आवडायची नाही. शाळेत कविता म्हणताना मध्येच हसायची. विसर्जनाहून येताना पायात काटा मोडला होता, आजी म्हणाली होती सकाळी काढू. हे आण्णांनाही माहीत नव्हतं. ते दारात उभे राहून ऐकत होते.

गेल्या आठवड्यात मी कंपनीला मेल लिहिला. राजीनामा माझ्या इच्छेने नव्हता, तो कोणत्या परिस्थितीत घेतला गेला, तारीख, वेळ, खोलीत कोण होतं, असं सगळं, पोस्टमॉर्टेमसारखं कोरडं. त्या सहकारी मुलीला आधी दाखवला. तिने दोन वाक्यं बदलली आणि खाली लिहिलं, ‘उशीर केलास.’ उत्तर आलेलं नाही. सही केलेली असल्याने माझी बाजू लंगडी आहे, हे मला कळतं.

आणि आजीला एक गोष्ट सांगायची राहिली होती, ती परवा सांगितली. तो रोमचा लंगडा गुरू जन्मभर एकटाच राहिला. पण म्हातारपणी त्याच्या एका मित्राला गरिबीमुळे आपलं लेकरू उघड्यावर टाकून द्यायची वेळ आली, तेव्हा त्याने ते स्वतःच्या घरी आणलं आणि ते सांभाळायला एक बाई ठेवली. सिम्प्लिसियस नावाच्या त्याच्या भाष्यकाराने हे लिहून ठेवलंय.

आजी उठून बसली. “आन् त्याला जेवू घालताना तसंच म्हणायचा का?”

मी मोबाईल काढला आणि शोधायला लागलो. आजी वाट बघत होती.